चालू गाडी दर रविवारी उघडायची कशाला?

प्रश्न असा आहे : "आमच्या सोसायटीत दोघे जण आहेत. एकाकडे जुनी बुलेट, दुसऱ्याकडे आरएक्स 100. दोन्ही गाड्या व्यवस्थित चालतात, तरी दर रविवारी खाली पार्किंगमध्ये काही ना काही उघडून बसलेले असतात. यात नक्की मजा काय? पैसे वाचतात का? माझी 150 सीसीची बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी आहे. मलाही हे करावंसं वाटतं, पण नव्या गाडीत हात घालण्यासारखं काही उरलंय का?"

पैशाचं आधी संपवतो. नाही वाचत. वाचले तरी ते पाने, फिलर गेज, मल्टिमीटर आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून आणलेल्या सुट्या भागांत जातात. साध्या सर्व्हिसिंगची मजुरी वाचवायला कुणी रविवारची सकाळ खर्ची घालत नाही. "घरी केलं की स्वस्त पडतं" हे शेजारी सांगत असतील, तर ते घरच्यांसाठी आहे असं समजा.

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. ती मजा तुमच्या गाडीतून मिळेल का, हे ठरवायचं तर ती येते कुठून हे आधी पाहावं लागेल. लोकांना वाटतं मजा खोलण्यात आहे. माझ्या मते ती अंदाज बांधण्यात आणि तो लगेच तपासता येण्यात आहे. गाडी काहीतरी वेगळं वागते, तुम्ही कारण ठरवता, एक गोष्ट बदलता, किक मारता. बरोबर असाल तर दहा सेकंदांत कळतं, चूक असाल तरीही. इथे भिडस्तपणा नाही, मेलला उत्तर यायची वाट पाहणं नाही. ज्याला ही देवाणघेवाण आवडली तो पुन्हा पुन्हा गाडी उघडतो. ज्याला फक्त गाडी नीट चालायला हवी असते तो मेकॅनिककडे सोपवून चहा प्यायला जातो, आणि त्यातही गैर काही नाही.

जुनी बुलेट यासाठी इतकी लाडकी का, ते एका कामातून दाखवतो. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटला ठिणगी 'पॉइंट'वर मिळते. उजव्या बाजूला डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत दोन छोटे संपर्क दिसतात. कॅम फिरला की त्याचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, संपर्क उघडतात आणि त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. उघडल्यावरची फट 0.35 ते 0.40 मिमी हवी.

प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) अडवणार नाही. गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. टाच कॅमच्या सर्वात उंच जागी आली की थांबा. तिथे फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप) 0.35 ची पट्टी सहज आत जायला हवी आणि 0.40 ची जाताना किंचित धरल्यासारखी वाटायला हवी. कमी-जास्त असेल तर संपर्काचा स्क्रू अर्धवट सैल करून फट लावायची, स्क्रू आवळायचा आणि पुन्हा मोजायची. नवशिके हे पुन्हा मोजणंच विसरतात. आवळताना संपर्काची प्लेट थोडी सरकते, फट बदलते, आणि मग "सेट केलं तरी फरक नाही" अशी तक्रार येते. गेजच्या पट्टीला तेलाचा हात असेल तर ती पुसून घ्या. संपर्कावर तेल राहिलं की ते जळून काळा थर धरतं. शेवटी कोरा जाड कागद पेट्रोलमध्ये भिजवून दोन संपर्कांमधून ओढून घ्यायचा.

आता यातला रस कुठे आहे ते पाहा. फायबरची टाच झिजते. झिजली की फट कमी होते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग गाडी चढावर दमते, जास्त तापते आणि सायलेन्सरमधून फुसका आवाज येतो. उलट फट जास्त ठेवली तर ठिणगी लवकर पडते आणि किक मारताना पायाला उलटा झटका बसतो. म्हणजे फट लावून काम संपत नाही, टायमिंगही तपासावं लागतं : ठिणगी पूर्ण रिटार्ड (म्हणजे सर्वात उशिराच्या स्थितीत) असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोचायला 0.8 मिमी उरलेले असताना पॉइंट उघडायला हवेत. त्यासाठी लोक संपर्कांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहतात. कागद सुटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. आणि फट, टायमिंग दोन्ही बरोबर असूनही संपर्क पुन्हा पुन्हा जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर (संपर्कांवरची ठिणगी शोषणाऱ्या भागावर) जातो. एका पट्टीच्या फटीवरून चढावर दमणाऱ्या गाडीपर्यंतची अख्खी साखळी हाताने पडताळता येते. तुमचे शेजारी रविवारी हेच करत असतात. फट लावायला लागतात दहा मिनिटं, बाकी वेळ त्या साखळीवर वाद घालण्यात जातो.

आरएक्स 100 ची गंमत वेगळी. ती कानाची गाडी. टू-स्ट्रोक, मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), आणि त्याला हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू. इंजिन नीट गरम झालं की आयडलिंग किंचित वाढवायचं आणि एअर स्क्रू पाव फेरा फिरवून पाच-सहा सेकंद ऐकायचं. कुठल्या तरी जागी इंजिनचा फेरा सर्वात चढा आणि एकसारखा लागतो. तिथे थांबायचं, मग आयडलिंग पुन्हा खाली. सुरुवात पूर्ण बंद करून दीड फेरा बाहेर, अशी धरतात. बंद करताना स्क्रू टेकला की थांबा. जोर लावला तर टोकाला खाच पडते आणि मग ट्युनिंग कायमचं बिघडतं. स्क्रू कितीही फिरवून इंजिनला काहीच फरक पडत नसेल तर तेही उत्तरच आहे : स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) चोंदला आहे, किंवा कुठून तरी फुकटची हवा आत जाते आहे. थ्रॉटल सोडल्यावर आवाज पटकन खाली यायच्या ऐवजी वरच रेंगाळत असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली आहे का ते आधी पाहा. जेट चोंदला तर तारेने टोचू नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की ते बुजत नाही. क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकायचा.

एक बारकावा इथे बऱ्याच जणांना फसवतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांत दुसरा प्रकार असतो. मित्राच्या गाडीवर शिकलेलं स्वतःच्या गाडीवर उलटं पडतं ते यामुळे.

हे सगळं सगळ्यांना मानवतं असं नाही, आणि काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. ती गाडी तुमचं एकमेव वाहन असेल, सोमवारी सकाळी त्याच गाडीने ठाण्याहून अंधेरी गाठायची असेल, तर रविवारी संध्याकाळी काहीही उघडू नका. मुंबईत सुट्या भागांच्या बाजारातली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, आणि फाटलेलं एक पॅकिंग तुम्हाला सोमवारी लोकलला लटकवतं. कारखान्याची वॉरंटी चालू असेल तर इंजिन आणि इलेक्ट्रिकलला हात लावायच्या आधी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि स्वभावाचा भाग आहेच. ज्याला मध्येच अर्धवट सोडून उठायची सवय आहे, त्याने कार्ब्युरेटर उघडू नये. बाहेर पडलेला फ्लोट पिनचा छोटा तुकडा पार्किंगच्या फरशीवर शोधणं हा काही छंद नव्हे.

गॅरेजवाले म्हणतात, "चालू गाडीला हात लावू नये." हे अर्धं खरं आहे. तपासायला हात लावावा, उघडायला कारण असावं. प्रत्येक उघडझाकीची किंमत असते. अॅल्युमिनियमचे आटे चार-पाच वेळा जोर करून आवळले की जातात. विशेषतः प्लगचे आणि ऑइल ड्रेनचे. प्लग आधी हाताने पूर्ण बसवायचा, पाना फक्त शेवटच्या भागाला. 6 मिमीच्या बोल्टला 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरतात. साध्या भाषेत, लहान पाना जवळ धरून, मनगटाच्या जोरावर. लांब पान्याने खांद्याचा जोर लावला की बोल्ट आधी मऊ वाटतो, मग तुटतो. ते मऊ वाटणं ओळखता येऊ लागलं की तुम्ही बरंच शिकलात.

दुसरी हानी म्हणजे एकदम दोन-तीन बदल. प्लग नवा, एअर फिल्टर नवा, मिश्रण वेगळं, आणि मग गाडी झटके मारते. कशामुळे? कुणालाच कळत नाही. मजेचा मूळ झराच आटला. एका वेळी एक बदल, आणि वहीत किलोमीटर, तारीख, काय केलं, काय फरक पडला. कंटाळवाणं वाटतं, पण वर्षाने ही वही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सायलेन्सर बदलून आवाज वाढवणं, मोठा जेट, मोकळा फिल्टर हा वेगळाच छंद आहे. त्याला मी खुडबुडीत धरत नाही. टू-स्ट्रोकमध्ये फक्त सायलेन्सर आणि फिल्टर मोकळा केला आणि जेट तोच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर सलग वेगात धरला की जाम होतो. कायदाही आडवा येतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत फेरफार चालत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, आणि मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. मूळ मापात आणणं म्हणजे फेरफार नव्हे. पॉइंटची फट, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), चेनचा ताण हे सगळं निर्धास्त करा.

आता तुमची गाडी. एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि जवळपास सगळ्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मिश्रण आता कंट्रोल युनिट ठरवतं आणि ऑक्सिजन सेन्सर बघून स्वतःच दुरुस्त करत राहतं. स्क्रू फिरवून कान लावायची सोय गेली, हे खरं. पण संवाद संपला नाही, भाषा बदलली. आता कानाच्या जोडीला मल्टिमीटर लागतो.

मुंबईसाठी यातलं सर्वात चांगलं काम म्हणजे अर्थिंगची, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार फ्रेम-इंजिनाला जोडलेल्या जागेची तपासणी. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस यांनी जोड गंजतात. वर्सोवा, वरळी, वांद्र्याच्या समुद्राकडच्या इमारतींत गाडी उघड्यावर उभी असेल तर आणखी लवकर. लक्षण असं : सेल्फ कधी जोरात फिरतो, कधी रडत फिरतो, बॅटरी नवी असूनही. बहुतेक जण दुसरी बॅटरी घेतात. त्याआधी हे करा. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवायला हवी, इंजिन चालू करून थोडं रेस केल्यावर साधारण 13.8 ते 14.5. दोन्ही ठीक असतील तर लाल तार इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर, काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तेवढा दाब त्या जोडातच वाया जातोय. मग निगेटिव्ह तार आधी सोडायची, फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट काढायचा, दोन्ही पृष्ठं पॉलिश पेपरने चकचकीत करायची, आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची. पुन्हा मोजा. आकडा 0.6 वरून 0.1 वर आलेला दिसला की शेजाऱ्यांना काय मिळतं ते तुम्हाला मी सांगायची गरज राहणार नाही.

दुसरं काम टॅपेटचं, जर तुमच्या गाडीला स्क्रूवाले टॅपेट असतील. 150 सीसीच्या बऱ्याच एअरकूल्ड गाड्यांना असतात. दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनांत शिम (मापाच्या चकत्या) असतात, ते गॅरेजला सोडा. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. डाव्या बाजूच्या गोल झाकणातून क्रँक फिरवून फ्लायव्हीलवरची 'टी' खूण जुळवायची. पण खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते. बरोबर जागी दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाने किंचित हलतात. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा. फट किती ते मॅन्युअलमध्ये पाहा; या आकाराच्या इंजिनांत ती बहुधा 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते, आणि इनटेक-एक्झॉस्टची वेगळी असू शकते. इथेही चेकनट (स्क्रू जागी धरून ठेवणारा नट) आवळल्यावर पुन्हा मोजायचं.

टॅपेटमध्ये कानाचा एक सापळा आहे. फट जास्त झाली तर टिकटिक आवाज येतो, आणि लोक आवाज बंद होईपर्यंत आवळतात. आवाज गेला, सगळे खूश. पण फट संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि त्याची कड जळते. थंड असताना एका झटक्यात सुरू होणारी गाडी तापल्यावर सुरू व्हायला कुरकुरते, ते याचंच लक्षण. किंचित टिकटिक करणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरा.

चेनचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. ताण मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत चेन मधोमध 25 ते 30 मिमीच्या आसपास वर-खाली हलेल इतका, आणि तो चाक फिरवून सर्वात घट्ट लागणाऱ्या जागी मोजायचा. ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश. वर ईपी 90 चा गिअर ऑइलचा हात पुरतो. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि बरोबर बोटं जातात. चाक हाताने फिरवा, आणि तेही स्प्रॉकेटपासून दूर पुसत.

ऑइल बदलताना डब्यावर जासो (तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 आहे का पाहा. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. स्कूटरचं एमबी किंवा कारचं निसरडं तेल घातलं तर इंजिन आवाज करतं, गाडी पुढे जात नाही, क्लच घसरतो.

पाने घ्यायला मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट, सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या परिसरात. दोन्हीकडे शनिवारी दुपारपर्यंत जा. सुरुवातीला लागेल एवढंच : 8, 10, 12, 14 चे रिंग पाने, प्लग पाना, फिलर गेज, साधा मल्टिमीटर आणि जपानी मापाचा क्रॉस स्क्रू-ड्रायव्हर. हा शेवटचा मुद्दाम लिहिला. जपानी वळणाच्या गाड्यांवरचे बरेचसे क्रॉस स्क्रू साध्या ड्रायव्हरला अर्धवट पकडतात, तो निसटतो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. मग हातोडी, मग ड्रिल, मग कुणाला तरी फोन. काढलेले स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमाने ठेवा आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

सोसायटीत काम करणार असाल तर खाली जुना फ्लेक्स किंवा पुठ्ठा अंथरा, कारण फरशीवरचा तेलाचा डाग सेक्रेटरी विसरत नाहीत. काढलेलं ऑइल पावसाळी गटारात ओतू नका. त्याच डब्यात भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला द्या, ते वापरलेलं तेल विकतात, त्यामुळे आनंदाने घेतात.

आणि काही गोष्टी सध्या हातच लावू नका. डिस्क ब्रेकची तेलाची बाजू, कारण आत हवा राहिली तर लिव्हर हातात येईपर्यंत कळत नाही. फ्युएल इंजेक्शनची पेट्रोल लाइन, कारण तिथे पेट्रोल दाबाखाली असतं आणि खाली इंजिन गरम असतं. आणि पावसात तुंबलेल्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, प्लग काढून पाणी बाहेर पडू द्या, ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आधी ते बदला. या रविवारी मात्र मल्टिमीटर घेऊन फक्त अर्थिंग मोजा, वहीत आकडा लिहा, आणि खालच्या बुलेटवाल्याला दाखवा. तो बहुधा त्याच्या गाडीचाही आकडा काढायला लावेल.